चौथा साक्षीदार

१९२१ च्या सप्टेंबरात 'नारकुंडा' ही आगबोट विलायतेहून हिंदुस्थानाकडे येत असता तिच्यावरील एक तरुण प्रवासी, कलकत्ता विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक चंद्रशेखर वेंकट रामन, हातात निकोलचा लोलक घेऊन समुद्राचे पाणी न्याहाळीत होते. खोल समुद्राची निळाई म्हणजे पाण्यात पडलेले आकाशाचे प्रतिबिंब, असा निर्वाळा लॉर्ड रॅली यांच्यासारख्या अधिकारी पुरुषाने दिलेला होता. रामन यांचे त्याने समाधान झालेले नव्हते. पाण्याच्या पृष्ठभागावरून एका विशिष्ट कोनात परावर्तित होऊन येणारा प्रकाश लोलकातून पाहावा, लोलक फिरवीत जावा, आणि ज्या स्थितीत ते परावर्तन जवळजवळ विझते त्या स्थितीत हात थांबवून मग पाण्याचा रंग काय दिसतो ते पाहावे, एवढीच त्यांची युक्ती होती. आकाशाचे प्रतिबिंब असे पुसले गेल्यावर, रॅलींचे मत खरे असते तर, पाणी काळवंडायला हवे होते. प्रत्यक्षात निळाई अधिकच गहिरी झाली. बोट मुंबई बंदरात आली तेव्हा तेथूनच त्यांनी लंडनच्या 'नेचर' साप्ताहिकाला टिपण पाठवले, आणि समुद्राची निळाई उसनी नसून पाण्याच्या रेणूंनी प्रकाश विखुरल्यामुळे त्याची स्वतःची आहे, असा आपला पक्ष मांडला.

या प्रसंगाचे मर्म असे की, येथे जे अधिक दिसले ते प्रकाशातून काही भाग जाणूनबुजून वजा केल्यामुळे दिसले. आणि ही वजाबाकी कोणती करायची, किती करायची व कोठे थांबायचे, हे सर्वस्वी पाहणाऱ्याच्या बोटांत होते. आज, शंभर वर्षांनंतर, तो लोलक कॅमेऱ्याच्या पोटात गेला आहे. सिलिकनच्या ज्या चकतीवर चित्र उमटते तिच्या प्रत्येक पिक्सेलच्या माथ्यावर धातूच्या अतिसूक्ष्म समांतर तारांची जाळी बसवलेले चित्रसंवेदक बाजारात विकत मिळतात, आणि कोणाला काही फिरवावे न लागता एका क्षणात, प्रकाशाचा जो गुण डोळ्याला दिसत नाही त्याचा संपूर्ण नकाशा ते हाती देतात. निवड जेव्हा हातातून यंत्रात जाते तेव्हा त्या निवडीची जबाबदारी कोठे जाते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. माझे उत्तर असे की, ती पाहणाऱ्याकडेच राहते. आणि विशेष हे की, या यंत्राच्या रचनेतच त्या जबाबदारीला साहाय्य करणारा एक हिशेबतपासनीस बसलेला आहे, ज्याला आपण बहुधा ओळखत नाही आणि ओळख पटण्यापूर्वीच रजा देतो.

प्रथम त्या अदृश्य गुणाची गोष्ट. प्रकाश हा अवतरंग आहे. म्हणजे तो ज्या दिशेने जातो तिच्याशी काटकोन करून त्याचे कंपन चालते, आणि हे कंपन आडवे, उभे किंवा तिरपे असू शकते. तेज आणि रंग हे प्रकाशाचे दोन गुण आपला डोळा ओळखतो. कंपनाची दिशा हा तिसरा गुण त्याला जवळजवळ अगोचर आहे. सूर्याच्या प्रकाशात सर्व दिशांची कंपने सरमिसळ असतात; परंतु तोच प्रकाश काचेवरून, पाण्यावरून वा ओल्या सडकेवरून परावर्तित झाला, किंवा हवेच्या रेणूंनी विखुरला, म्हणजे त्यांतील एका दिशेचे कंपन वरचढ होते. यालाच ध्रुवण म्हणतात. १६६९ साली डेन्मार्कच्या बार्थोलिन यांनी आइसलंडच्या स्फटिकातून पाहिले असता एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात ही नोंद केली, आणि पुढे जवळजवळ दीडशे वर्षे हा स्फटिक युरोपातील पंडितांना कोड्यात टाकीत राहिला. १८०८ मध्ये एत्येन-लुई माल्यूस या लष्करी इंजिनियराने, जो नेपोलियनच्या इजिप्तवरील स्वारीतून प्लेगला तोंड देऊन परतला होता, पॅरिसमधील लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवर चमकणारा मावळता सूर्य त्या स्फटिकातून पाहिला. आणि स्फटिक फिरवताच दोन प्रतिमांपैकी कधी एक, तर कधी दुसरी मंद होते हे त्याच्या ध्यानात आले. प्रकाशाच्या कणांना लोहचुंबकाप्रमाणे ध्रुव असले पाहिजेत, अशा समजुतीने त्याने या गुणाला ध्रुवांवरून नाव दिले. फ्रेनेल यांच्या तरंगवादाने त्या ध्रुवधारी कणांचा निकाल लावला. नाव मात्र राहिले. चुकीच्या उपपत्तीने बरोबर वस्तूला दिलेले नाव टिकावे, हा शास्त्राच्या दप्तरातील नित्याचा मामला आहे.

तारांच्या जाळीची कल्पना मात्र दृश्य प्रकाशाच्या नव्हे, तर रेडिओलहरींच्या अभ्यासातून आली. १८८८ साली कार्ल्सरूह येथे हाइन्रिख हर्ट्झ यांनी दोन मीटर उंचीची एक अष्टकोनी चौकट करून तिच्यावर तांब्याच्या तारा तीन-तीन सेंटीमीटरांच्या अंतराने ताणल्या आणि सुमारे ६६ सेंटीमीटर लांबीच्या लहरी तिच्यावर सोडल्या. लहरीचे विद्युत्कंपन तारांना समांतर असले म्हणजे तारांतील इलेक्ट्रॉन लांबीच्या दिशेने धावतात आणि ती लहर माघारी परतवतात. कंपन तारांना काटकोनात असले म्हणजे इलेक्ट्रॉनांना धावायला जागाच उरत नाही, आणि लहर सुखाने पार जाते. शाळेच्या पुस्तकात ध्रुवण समजावण्यासाठी कुंपणाच्या उभ्या फटीतून हेलकावणारी दोरी दाखवतात. त्या चित्रात उभ्या फटीतून उभे कंपन जाते. तारांच्या जाळीत नेमके उलट घडते. दृष्टान्त जेथपर्यंत नेतो तेथपर्यंत त्याच्याबरोबर जावे आणि मग त्याचा हात सोडावा, हे न कळणारा मनुष्य येथे बरोबर नव्वद अंशांनी चुकतो. पुढे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांनी मिलिमीटरच्या मापाच्या लहरींवर प्रयोग करताना ब्रॅडशॉच्या रेल्वे वेळापत्रकाच्या पानापानांत कथिलाचा वर्ख घातला आणि त्या पुस्तकाचाच ध्रुवक बनवला. गाड्यांच्या वेळा सांगणाऱ्या त्या ग्रंथाने लहरींची अशी झडती घ्यावी, यात बोसांच्या साधनदारिद्र्याइतकीच त्यांच्या बुद्धीची श्रीमंतीही दिसते.

दृश्य प्रकाशाची लहर सुमारे अर्ध्या मायक्रॉनची; तिच्यासाठी जाळी करायची तर तारांमधील अंतर त्याहून पुष्कळ लहान हवे, आणि म्हणूनच हर्ट्झचे हे तत्त्व दृश्य प्रकाशाच्या पिक्सेलवर उतरायला शतकाहून अधिक काळ जावा लागला. २०१० साली अमेरिकेत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात विक्टर ग्रुएव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲल्युमिनियमच्या तारा १४० नॅनोमीटरांच्या अंतराने बसवलेला संवेदक सिद्ध केला; ७.४ मायक्रॉनच्या एका पिक्सेलवर अशा सुमारे पन्नास तारा मावतात, आणि हर्ट्झच्या चौकटीशी तुलना केली तर जाळी दोन लाखांहून अधिक पटींनी बारीक झालेली आहे. २०१८ मध्ये सोनी कंपनीने 'पोलारसेन्स' या नावाने ३.४५ मायक्रॉनच्या सुमारे ५० लाख पिक्सेलांचा संवेदक बाजारात आणला. त्यात जाळी वेगळ्या काचेवर न चिकटवता प्रत्येक पिक्सेलच्या सूक्ष्मभिंगाखाली, प्रकाशग्राही भागाच्या अगदी निकट घडवलेली असते. कारण साधे आहे: जाळी दूर असली तर तिरप्या किरणांना एका पिक्सेलच्या जाळीतून शिरून शेजारच्या पिक्सेलमध्ये उतरण्याची सवड मिळते, आणि एकाची जबानी दुसऱ्याच्या नावावर नोंदली जाते.

जबानी हा शब्द मी अलंकारासाठी वापरलेला नाही. या संवेदकात पिक्सेलांचे चार-चारांचे चौरस पाडलेले असतात आणि प्रत्येक चौरसातील चार जाळ्यांच्या दिशा ०, ४५, ९० आणि १३५ अंशांच्या असतात. यांपैकी एकट्यादुकट्याची साक्ष जवळजवळ निरुपयोगी असते. एखाद्या पिक्सेलवर प्रकाश कमी आला, तर समोरची वस्तूच काळी आहे, की ती उजळ असून तिच्या प्रकाशाचे कंपन नेमके अडवले गेले आहे, हे त्याला सांगता येत नाही. चौघेही सारखेच बोलले, तर प्रकाश ध्रुवित नाही एवढाच निष्कर्ष निघतो. ज्ञान उपजते ते त्यांच्या मतभेदातून. आडव्या आणि उभ्या जाळीच्या नोंदींतील फरक, तसाच दोन तिरप्या जाळ्यांच्या नोंदींतील फरक, हे दोन फरक आणि एकूण तेज एवढी सामग्री हाती आली की, प्रकाशाचा किती अंश ध्रुवित आहे आणि त्याचे कंपन कोणत्या दिशेचे आहे, हे केंब्रिजच्या जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांनी १८५२ मध्ये घालून दिलेल्या गणिताने काढता येते. न्यायासनासमोर सगळे साक्षीदार पढवल्यासारखे एकच बोलू लागले म्हणजे अनुभवी न्यायाधीश सावध होतो. येथे तर मतभेद हाच पुरावा आहे.

परंतु येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि मला वाटते या साऱ्या विषयाची गुरुकिल्ली त्यातच आहे. अज्ञात राशी तीन आहेत: एकूण तेज, आडव्या-उभ्यांतील फरक आणि तिरप्यांतील फरक. तीन अज्ञातांना तीन नोंदी पुरतात, हे बीजगणिताचा प्रारंभ केलेला विद्यार्थीही सांगेल. मग चौथा साक्षीदार कशाला? कारखानदार म्हणेल, चौरसात चार घरे सोयीने बसतात म्हणून. आणि त्याचे म्हणणे खोटे नाही. तथापि या सोयीच्या पोटी एक मोठा लाभ पदरात पडलेला आहे. आडव्या आणि उभ्या जाळीच्या नोंदींची बेरीज म्हणजे एकूण तेज. दोन तिरप्यांच्या नोंदींची बेरीज म्हणजेही तेच एकूण तेज. या दोन बेरजा जुळल्याच पाहिजेत. त्या जुळल्या नाहीत, तर कोठेतरी गफलत आहे: एखादा पिक्सेल तेजाने ओसंडून गेला असेल, एखादी जाळी सदोष असेल, किंवा वस्तूची कड नेमकी त्या चौरसातून जात असेल. जमाखर्चाची वही दोन बाजूंनी लिहिली जाते ती अधिक पैसा मिळावा म्हणून नव्हे, तर चूक लपू नये म्हणून. चौथी नोंद ही तशी दुसरी बाजू आहे. ती नवीन काही सांगत नाही. इतर तिघे जे सांगतात त्यावर विश्वास ठेवावा की नाही, ते सांगते.

या तपासनिसाची गरज किती आहे हे समजण्यासाठी हे यंत्र काय काय गमावते त्याचा ताळेबंद मांडला पाहिजे. अध्रुवित प्रकाश जाळीवर पडला की त्याचा निम्मा भाग जाळी गिळते वा परतवते. म्हणजे सामान्य दृश्यापुरता प्रत्येक पिक्सेल अर्धपोटीच असतो. दुसरे असे की, चार साक्षीदार एका जागी उभे नसतात. ते शेजारी-शेजारी असले तरी प्रत्येकाला वस्तूचा वेगळा बिंदू दिसतो. सपाट भिंतीवर याने काही बिघडत नाही, पण जेथे काळे आणि पांढरे यांची सीमा चौरसाच्या मधून जाते तेथे जागेमुळे पडलेला फरक दिशेमुळे पडलेल्या फरकाचे सोंग घेतो आणि ज्या प्रकाशाला ध्रुवणाचा वासही नाही त्याच्यावर ते लादले जाते. तिसरे असे की, ज्या प्रकाशाचे कंपन स्क्रूच्या आट्यांप्रमाणे डावीकडे वा उजवीकडे फिरत पुढे सरकते, त्याच्याविषयी या चौघांपैकी कोणीही अक्षर बोलू शकत नाही. शेवटी, कंपनाची दिशा म्हणजे केवळ एक रेषा आहे. तिची दोन्ही टोके सारखीच, आणि म्हणून या चित्रावरून वस्तूच्या पृष्ठभागाचा उतार ओळखू पाहणाऱ्याला तो उतार इकडे की तिकडे, हा संशय राहतोच.

येथे पूर्वपक्ष उभा राहतो. तो म्हणतो, इतके गमवायचे असेल तर जाळी कायमची ठोकून बसवायची कशाला? पुण्याच्या आयुका संस्थेत घडवलेला 'इंपॉल' हा ध्रुवणमापक पाहा. दूरच्या ताऱ्याचा प्रकाश इतका तुटपुंजा की त्यातला निम्मा फेकणे म्हणजे दुष्काळात धान्य सांडणे. म्हणून त्या उपकरणात लोलकाने प्रकाशाचे दोन शलाकांत विभाजन करून दोन्ही मोजतात, आणि पुढ्यातील स्फटिकपट्टी टप्प्याटप्प्याने फिरवून सर्व दिशांच्या नोंदी घेतात. तेथे काही वाया जात नाही, आणि साऱ्या नोंदी आकाशाच्या एकाच बिंदूच्या असतात. हा आक्षेप सबळ आहे, आणि आकाशाच्या बाबतीत मला तो मान्यही आहे. पण तारा थांबतो. लाट थांबत नाही. धावती गाडी, वाहते पाणी, पट्ट्यावरून सरकणारी बाटली आणि श्वासाबरोबर हलणारे शरीर यांच्यासमोर पट्टी फिरवीत बसले, तर पहिली आणि चौथी नोंद दोन निरनिराळ्या वस्तूंच्या होतात. फिरत्या गाळणीचे असत्य काळात असते, ठोकलेल्या जाळीचे असत्य अवकाशात असते. कोणतेही उपकरण असत्यापासून मुक्त नाही; आपले असत्य कोठे आहे ते जे सांगू शकते ते उपकरण प्रामाणिक, एवढाच भेद करता येतो.

दुसरा पूर्वपक्ष याच्या अगदी उलट बाजूने येतो, आणि तो अधिक लोकप्रिय आहे. त्याचे म्हणणे असे की, अधिक गुण दिसणे केव्हाही चांगलेच; ज्या डोळ्याला ध्रुवण दिसत नाही तो अपुरा, आणि यंत्राने ती उणीव भरून काढली की सत्य आपोआप जवळ येईल. या श्रद्धेला निसर्गाचा आधार सापडतो असे प्रथमदर्शनी वाटते. कार्ल फोन फ्रिश यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले की, सूर्य ढगाआड असला तरी मधमाशी निळ्या आकाशाच्या एका तुकड्यातील ध्रुवणावरून दिशा ओळखते. ट्युनिशियाच्या वाळवंटातील मुंगी भक्ष्याच्या शोधात वेडीवाकडी भटकून परतताना सरळ रेषेत बिळाकडे येते ती याच होकायंत्राच्या बळावर. त्यांच्या डोळ्यांतील प्रकाशग्राही पेशींत सूक्ष्म नलिका तारांच्या जाळीप्रमाणेच समांतर रचलेल्या असतात. म्हणजे गाळणी इंद्रियातच बसवण्याचा मान माणसाच्या कारखान्याकडे नाही, मुंगीकडे आहे.

पण कीटकाच्या डोळ्याचा उरलेला भाग पाहिला म्हणजे हा पूर्वपक्ष ढासळतो. ध्रुवण ओळखणाऱ्या पेशी डोळ्याच्या वरच्या कडेला, आकाशाकडे रोखलेल्या एका अरुंद पट्ट्यातच असतात. मधमाशीच्या उर्वरित डोळ्यात त्याच पेशी दोरीसारखा पीळ घेतलेल्या असतात, आणि त्या पिळामुळे ध्रुवणाची संवेदना जाणूनबुजून म्हणावी इतक्या कुशलतेने पुसली जाते. का? कारण चकचकीत पानावरून येणारा प्रकाश ध्रुवित असतो, आणि रंग ओळखणाऱ्या पेशींना त्या ध्रुवणाची बाधा झाली तर पाकळीचा रंग पान हलताच बदलल्यासारखा दिसेल. फुलाच्या शोधात निघालेल्या माशीला हा दृष्टिलाभ नव्हे, दृष्टिभ्रम ठरेल. जेथे उपयोग तेथे जाळी, जेथे घोटाळा तेथे पीळ: निसर्गाने सर्वत्र सर्व काही पाहण्याचा हव्यास धरलेला नाही. आणि जेथे जाळी ठेवली तेथेही फसगत टळत नाही. आडव्या ध्रुवणावरून पाणी ओळखणाऱ्या काही एकदिवशी माश्या हंगेरीत कोरड्या डांबरी सडकेला ओढा समजून तिच्यावर अंडी घालतात, असे तेथील संशोधकांनी नोंदले आहे. डांबराची काळी, गुळगुळीत पाठ पाण्यासारखेच ध्रुवण देते. किंबहुना त्या बिचाऱ्या जीवांच्या लेखी ती पाण्याहून अधिक पाणी असते. लाखो वर्षे खरी ठरलेली साक्ष एका नव्या सडकेने खोटी पाडली, आणि तिची उलटतपासणी करायला त्यांच्याकडे दुसरे साधन नव्हते.

याचा अर्थ ध्रुवणाची साक्ष क्षुद्र आहे असा कोणी करू नये. शुक्रावरील ढग कशाचे आहेत हा प्रश्न तेथे यान उतरवून सुटण्यापूर्वीच पुष्कळ अंशी सुटला होता, तो तिच्याच आधाराने. फ्रान्सच्या बर्नार लिओ यांनी १९२० च्या दशकात शुक्राच्या प्रकाशाचे ध्रुवण चिकाटीने मोजून ठेवले होते. १९७४ मध्ये हॅन्सन आणि होव्हेनियर यांनी अशा मोजमापांशी गणित जुळवून दाखवले की, ते ढग सुमारे एक मायक्रॉन त्रिज्येच्या गोल थेंबांचे असून त्या द्रवाचा अपवर्तनांक १.४४ च्या आसपास आहे. आणि हे वर्णन पाण्याला लागू पडत नाही, तीव्र गंधकाम्लाला लागू पडते. लिओंनी आपल्या मूळ नोंदी जपून ठेवल्या होत्या म्हणूनच अर्धशतकानंतर दुसऱ्या कोणाला त्यांच्यापुढे नवा प्रश्न ठेवता आला, ही गोष्ट मला त्या निष्कर्षाइतकीच मोलाची वाटते.

घरच्या उदाहरणाचीही वाण नाही. महाराष्ट्रातील प्रत्येक साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाचे 'पोल' काढतात. ते 'पोल' म्हणजे ध्रुवणाचेच नाव आहे. साखरेचे द्रावण ध्रुवित प्रकाशाच्या कंपनाची पातळी उजवीकडे वळवते हे फ्रान्सच्या बियो यांनी १८१५ मध्ये दाखवले, आणि ती किती वळली यावरून रसात साखर किती याचा अंदाज होतो. याच साखरेच्या उताऱ्याशी उसाचा भाव बांधलेला असल्यामुळे फडात घाम गाळणाऱ्या शेतकऱ्याच्या संसाराचा संबंध एका नळीतून जाणाऱ्या प्रकाशाच्या कोनाशी येतो. आता, रसात केवळ खाण्याची साखर नसते. द्राक्षशर्करा पातळी उजवीकडे वळवते, फळशर्करा डावीकडे वळवते, आणि नळीतून दिसतो तो या साऱ्यांचा मिळून झालेला निकाल. म्हणून जाणता रसायनज्ञ 'पोल' आणि साखर हे शब्द एकमेकांच्या जागी वापरीत नाही. ऊस शिळा झाला, साखरेचे विघटन झाले, की त्या दोहोंतील तफावत वाढते हे त्याला ठाऊक असते. यंत्राचा आकडा आणि वस्तू यांमधले अंतर ज्याला माहीत आहे त्याच्या हातीच आकडा सुरक्षित असतो.

नव्या संवेदकाच्या बाबतीत हे अंतर विसरण्याचा मोह फार मोठा आहे, कारण त्याचा निकाल आकड्यांत न येता मनोहर चित्रात येतो. कंपनाची दिशा डोळ्याला दिसत नसल्याने तिला रंगांचे कपडे चढवतात: आडव्याला तांबडा, तिरप्याला हिरवा, अशी काहीतरी योजना ठरवून. प्रकाश जेथे मुळीच ध्रुवित नाही तेथे दिशा या शब्दाला अर्थच उरत नाही. पण गणित काही ना काही कोन काढतेच, आणि चित्र तेथेही तितकाच भडक रंग भरते. साक्षीदार 'मला ठाऊक नाही' म्हणाला, आणि कारकुनाने त्याच्या नावावर ठाम विधान लिहून ठेवले, असा हा प्रकार आहे. काचेच्या बाटलीत राहिलेला ताण, साध्या प्रकाशात न दिसणारा ओरखडा, रस्त्यावरचा ओलावा, असे पुष्कळ काही या चित्रांतून खरोखर दिसते, आणि कारखान्यांत त्यांचा उपयोग वाढत जाणार यात संशय नाही. पण बाटली फोडून पाहता येते. सर्वच वस्तू फोडून पाहता येत नाहीत.

त्यातलीच एक वस्तू म्हणजे मोटारीत बसलेला मनुष्य. मोटारीच्या पुढच्या काचेवर आकाशाचे प्रतिबिंब पडते आणि आत कोण आहे ते कॅमेऱ्याला दिसत नाही. हे प्रतिबिंब ध्रुवित असल्याने नवा संवेदक ते वजा करून आतला चेहरा, पट्टा, हातातला फोन उघड करू शकतो, आणि वाहतुकीच्या देखरेखीसाठी त्याची शिफारस होत असते. अपघात टळावेत हा हेतू निंद्य नाही. परंतु काचेवरची ती चमक हा नागरिकाला कोणत्याही सनदेने न दिलेला, कोणत्याही कायद्यात न लिहिलेला असा आडोसा होता. तो निसर्गाने दिला होता, आणि म्हणून तो काढून घेण्यासाठी कोणाला हुकूम काढावा लागत नाही, की सभागृहात ठराव आणावा लागत नाही. रामन यांनी आकाशाचे प्रतिबिंब पुसले तेव्हा समुद्राची काही हरकत असण्याचे कारण नव्हते. येथे ज्याचे प्रतिबिंब पुसले जाते तो मनुष्य बोलू शकतो, आणि आपल्याविरुद्ध नोंदलेली साक्ष तपासून पाहण्याचा त्याला हक्क असला पाहिजे. दंडाची नोटीस हाती पडली असता तिच्यासोबत एक साफसूफ केलेले चित्र मिळेल. त्या चित्रातील कोणती वस्तू दिसली आणि कोणती गणिताने घडवली, हे त्या गरिबाने कशावरून ओळखावे?

यास्तव माझा आग्रह एका साध्या व्यवहारावर येऊन थांबतो. जेथे जेथे अशा संवेदकाचे चित्र पुरावा म्हणून पुढे येईल, मग ते प्रयोगशाळेत असो, इस्पितळात असो वा चौकीत, तेथे तेथे त्याच्या मूळ चार नोंदी दप्तरात जपून ठेवल्या जाव्यात आणि मागणाऱ्याला मिळाव्यात. सोय आणि काटकसर यांच्या नावाखाली आज बहुधा असे घडेल की, चार नोंदींचे एक सुबक चित्र केले जाईल आणि नोंदी पुसल्या जातील. चित्राला जागा कमी लागते, आणि पाहणाऱ्यालाही तेच आवडते. पण त्या क्षणी दोन बेरजा ताडून पाहण्याची संधी कायमची जाते. तीन नोंदींत जे ज्ञान होते ते चित्रात उतरते. चौथीत जी शंका होती ती उतरत नाही. चौथा साक्षीदार प्रत्येक लबाडी पकडतो असेही नाही. चौघांनाही सारखीच भूल पडली तर दोन्ही बेरजा जुळतील आणि निकाल तरीही चुकेल, जसा त्या डांबरी सडकेवर चुकतो. पण जी चूक पकडता आली असती तीही न पकडण्याची तजवीज आपण स्वतः होऊन करावी, याला कोणतीच सबब पुरी पडणार नाही.

मुंबई बंदरातून रामन यांनी धाडलेल्या टिपणात समुद्र निळा आहे एवढेच लिहिलेले असते, तर ते कोणी छापलेही नसते. पाण्याकडे कोणत्या कोनातून पाहिले, मध्ये कोणते साधन धरले आणि त्याने कोणता प्रकाश दूर केला, हे त्यांनी सांगितले. त्यामुळे ज्याच्याजवळ लोलक होता आणि समोर समुद्र होता अशा कोणालाही ते ताडून पाहता येत होते, आणि पटले नाही तर तसे जाहीर लिहिताही येत होते. लोलक आता सिलिकनवर गेला, तो हाताने फिरवता येत नाही. मूळ नोंदी हाती असल्या तर निदान कागदावर तरी तो पुन्हा फिरवून पाहता येईल.